उपकार आबांचे, कटती शेतकऱ्याची

(पत्र जरा कमी करून देतेय, गावाचं आणि जीनचं नाव काढून टाकलंय, बाकी शब्द त्याचेच आहेत. जीन किंवा जिनिंग म्हणजे कापसाची रुई आणि सरकी वेगळी करून गाठी बांधणारा कारखाना, आणि ग्रेडर म्हणजे तिथे आलेल्या कापसाची प्रत बघणारा. मॉइश्चर, म्हणजे ओलावा, जास्त लिहिला की शेतकऱ्याचे तेवढे पैसे कापले जातात, तीच कटती.)

"ताई नमस्कार. मी धरणगाव-एरंडोल पट्ट्यातल्या एका जिनिंगवर ग्रेडर म्हणून कामाला आहे. वय २८, बीकॉम झालंय. नोकरी आमच्या नात्यातल्या आबांनी लावली, ते तिथे मॅनेजर आहेत, मालक जास्त करून सुरतला असतात म्हणून सगळं आबाच बघतात. माझ्या वडिलांची ॲन्जिओप्लास्टी झाली तेव्हा आबांनी रात्री अकराला घरी येऊन ८० हजार रोख दिले, परत कधी विषयसुद्धा काढला नाही. आता या सीझनला आबांनी सांगितलं की मीटरवर जे मॉइश्चर येईल त्यात दोन मिळवून पावतीवर लिहायचं. नऊ आलं की अकरा, दहा आलं की बारा. सुरुवातीला टाळलं, मग लिहायला लागलो. आबा म्हणतात ही ॲडजस्टमेंट आहे, गाठ बांधेपर्यंत घट येते ती कुठून भरायची. आणि शेतकरी पण काही कमी नाहीत, मधल्या थराला पाणी मारून आणतात. शेजारच्या जीनवर तर तीन मिळवतात. मी काय, फक्त लिहिणारा, ठरवणारे आबा. आमच्या गावचं कोणी आलं तर मात्र मी खरा आकडा लिहितो, तेवढं पाळलंय. पण झोप लागत नाही ताई. माझे आजोबा सालदार होते, वडिलांची अडीच एकर कोरडवाहू आहे. घरात आम्हाला एवढंच शिकवलं, कोणाचा रुपया खायचा नाही आणि ज्याचं खाल्लं त्याला विसरायचं नाही. आता हे दोन्ही एकदम कसं पाळू? मित्र म्हणतो जाऊ दे ना भो, बठ्ठा असंच करतस (सगळेच असं करतात). बायको म्हणते सोडा ती नोकरी. घरी चिडचिड होते, परवा पोरीवर हात उचलला. मी चांगला माणूस आहे की नाही तेच कळेना. नोकरी सोडू का? आणि वडिलांना सांगू का?
— एक भाऊ"

भाऊ, तू वयानं लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतेय, राग मानू नको.

चांगला माणूस आहेस की नाही ह्या प्रश्नाला मी हात लावणार नाही. एक तर एका पत्रावरून ते सांगणारी मी कोण, आणि दुसरं म्हणजे त्या प्रश्नावर माणूस रात्र रात्र जागतो आणि सकाळी आठला जीनवर जाऊन परत दोन मिळवतो, त्यातून निघत काहीच नाही. त्यापेक्षा तुझ्या पत्रातलं एक वाक्य घे. आमच्या गावचं कोणी आलं तर खरा आकडा लिहितो. तू ते अभिमानाने लिहिलंयस, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. म्हणजे बघ, आबांनी सगळ्यांना दोन मिळवायला सांगितलंय ना, त्यांनी काही तुझ्या गावाला सूट दिली नव्हती, तरी तू देतोस. आबांचा शब्द तू आधीच मोडतोयस, गुपचूप, ओळखीचा चेहरा दिसला की. आणि जीन काही बंद पडली नाही आणि आबांनी तुला हाकललं पण नाही. मग जे गावच्या माणसासाठी जमतं ते पारोळ्याहून पिकअप घेऊन आलेल्या अनोळखी माणसासाठी का जमत नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आबांना विचारायचा नाहीये, तुला आहे.

घरचे संस्कार, मूल्यं, जे काय म्हणू आपण, ती ऑफिसच्या गेटवर चपलेसारखी काढून ठेवता येत नाहीत. ती आत येतातच, फक्त ती कोणाकोणाला लागू करायची याचं एक कुंपण आपण मनात घालून घेतो. तुझं कुंपण गावाच्या शिवेपाशी आहे. कोणाचं भाऊबंदकीपाशी असतं, कोणाचं जातीपाशी, कंपन्यांमध्ये डिपार्टमेंटपाशी असतं. शालोम श्वार्ट्झ म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना विचारून १९९२ मध्ये मूल्यांचे दहा गट मांडले होते, गोलात, शेजारशेजारचे गट एकमेकांशी जुळवून घेणारे आणि समोरासमोरचे भांडणारे. मला त्यातलं एक फार आवडतं की आपल्या माणसांचं भलं हा एक गट आहे आणि सगळ्यांचं भलं, अनोळखी लोकांचं सुद्धा, हा त्याच्या शेजारचाच पण वेगळा गट आहे. आणि गंमत म्हणजे प्रामाणिकपणा आणि निष्ठा हे दोन्ही त्यांनी त्या पहिल्या, आपल्या माणसांच्या गटात टाकलेत. तुझ्या घरच्या दोन्ही शिकवणी जवळजवळ त्याच खान्यातल्या बघ. म्हणून तर तुला कळत नाहीये की मोडतंय काय. आबांशी निष्ठा शाबूत, गावाशी प्रामाणिकपणा शाबूत, आणि तरी झोप नाही. झोप उडवणारा माणूस तुझ्या ओळखीचाच नाहीये.

आता जरा पैशाचं बोलू, कारण टक्के टक्के म्हणत राहिलं की काही वाटत नाही.

खाजगीत भाव ७,००० धर. दोन टक्के म्हणजे क्विंटलला १४० रुपये. एका पिकअपमध्ये पंधरा क्विंटल माल असेल तर २,१०० रुपये झाले एका गाडीमागे. वेचणीची मजुरी किलोला दहा-बारा रुपये धरली तर हे जवळपास पावणेदोन-दोन क्विंटल कापूस वेचायचे पैसे झाले, म्हणजे ज्या बाया सकाळपासून कमरेला ओटी बांधून वाकून वेचत होत्या त्यांच्यातल्या तिघी-चौघींचा अख्खा दिवस तू पेनाने पुसलास. बरं, दिवसाला वीस गाड्या आल्या तर ४२,००० होतात. आबांनी तुला दिले होते ८० हजार, म्हणजे दोन दिवसांत ते फिटून वर चार हजार उरले. तू अजून फेडतोयस, सीझन संपेपर्यंत फेडत राहशील, आणि पुढच्या सीझनलाही.

आणि ते जातात कुठे तेही बघ. ८० हजार आबांच्या खिशातून आले होते, ते त्यांचं मोठेपण. रोजचे ४२ हजार मालकाच्या गल्ल्यात जातात. आणि निघतात शेतकऱ्याच्या खिशातून. म्हणजे ज्याने दिले त्याला एक रुपया परत मिळालेला नाही, ज्याने काहीच केलेलं नाही त्याला मिळतोय, आणि ज्याचा ह्या भानगडीशी संबंधच नाही तो भरतोय. ज्याचं खाल्लं त्याला विसरू नको हे तुझ्या घरी शिकवलं ते शंभर टक्के बरोबर आहे, मी एक अक्षर बदलणार नाही त्यात. पण ते आपल्या घामातून फेडायचं असतं ना रे. दुसऱ्याच्या गाडीतून उतरवून फेडलं तर ते फेडणं कसलं.

आकड्याचं अजून एक आहे जे तुला ग्रेडर म्हणून माझ्यापेक्षा चांगलं माहिती असणार. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, तिथून वर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापते, आणि १२ च्या वर माल घेत नाही. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, म्हणजे टक्क्याला ८१ रुपये १० पैसे. हे सगळं जाहीर आहे, भिंतीवर लावता येईल असं आहे. आता तू जेव्हा दहाचे बारा लिहितोस तेव्हा नुसते दोन टक्के जात नाहीत. त्या माणसाला वाटतं आपला माल काठावर आलाय, सरकारी केंद्रावर नेला तर परत पाठवतील, वर भाड्याचे पैसे वाया. मग तो तिथेच, तुम्ही म्हणाल त्या भावाला, मान हलवतो. त्याच्या हातातली घासाघीस करायची ताकदच त्या एका आकड्याने जाते. मीटरची सुई ढिगात खुपसल्यावर तो तुझ्या तोंडाकडे बघत असतो, मीटरकडे नाही, कारण मीटर तू आपल्याकडे वळवून धरलेला असतो. (असतो ना?)

घट येते हे आबांचं म्हणणं खोटं नाही. क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई, साठ-बासष्टच्या वर सरकी आणि राहिलेली धूळ, कचरा, उडालेला ओलावा, हे कुठल्याही जीनला आहे. पण ती घट काल-परवा सुरू झाली का? इथे जीन आहेत तेव्हापासून आहे आणि ती धरूनच भाव काढतात सगळे. भावात एकदा धरायची आणि मॉइश्चरमध्ये परत धरायची, हे एका मालाचे दोनदा कापणं झालं. तू बीकॉम आहेस, डबल एन्ट्री तुला मी काय शिकवू.

अल्बर्ट बांडुरा नावाचे दुसरे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, जन्म कॅनडातला, शिकवलं स्टॅनफर्डला. त्यांनी आयुष्यातला बराच काळ ह्याच गोष्टीवर घालवला की चांगली चांगली माणसं स्वतःला वाईट न वाटू देता वाईट काम कशी करतात. त्यांनी काही युक्त्या सांगितल्यात ज्या मन आपोआप करतं. कामाला मऊ नाव द्यायचं. जबाबदारी वरच्या माणसावर ढकलायची. आपल्यापेक्षा वाईट कोणीतरी दाखवायचं. आणि ज्याचं नुकसान होतंय तोच कसा लबाड आहे ते सांगायचं. आता तुझं पत्र परत वाच. ॲडजस्टमेंट. मी फक्त लिहिणारा. शेजारच्या जीनवर तीन. शेतकरी पाणी मारतात. चारच्या चार ओळीने, त्यात काही आबांची, काही तुझी, पण लिहिली तूच. मला तुझा राग नाही आला, उलट बरं वाटलं, कारण हे सगळं लिहूनही तू शेवटी झोप लागत नाही असं लिहिलंस, म्हणजे युक्त्या अजून नीट बसल्या नाहीत तुझ्यात. अजून दोन सीझन गेले असते तर पत्रच आलं नसतं.

पाणी मारणाऱ्यांचं मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. आमच्याही ओळखीत आहेत असे, वर उन्हात वाळलेला पांढराशुभ्र माल आणि आत हात घातला की गार लागतं. आणि काही वेळा त्याची चूकही नसते, पहाटे दवात वेचलेला असतो. पण त्यालाच तर मीटर आहे ना! एकाच जागी सुई न टोचता वर, मध्ये, तळाला अशी तीन जागी टोच, त्याच्या समोर टोच, आणि येईल ती सरासरी लिही. पाणी मारलेल्याचं चौदा येईल, लिही चौदा, परत पाठव गाडी. लबाडाला लबाडीचं मिळू दे. तुमच्या पद्धतीत होतं काय की पाणी मारणाऱ्यालाही दोन आणि चार दिवस खळ्यावर वाळवून आणणाऱ्यालाही दोन. मग पुढच्या वर्षी वाळवणारा वाळवणार का? तो पण पाणीच मारणार. म्हणजे शेतकरी पाणी मारतो म्हणून आम्ही मिळवतो आणि तुम्ही मिळवता म्हणून शेतकरी पाणी मारतो, आणि दोघंही आपापल्या घरी संस्कारी.

आता आबा. मला ह्या माणसाला खलनायक करायचं नाहीये. रात्री अकराला ८० हजार घेऊन दारात उभा राहणारा माणूस मनाने मोठाच असणार, आणि तोच माणूस दिवसा दोन मिळवायला सांगतो, ह्यात मला काही विचित्र वाटत नाही. त्यांचंही कुंपण आहे, तू आत आहेस, पिकअपवाला बाहेर. शिवाय त्यांच्यावर सुरतहून काय दबाव आहे ते तुला माहीत नाही, पत्रात तरी नाही. कदाचित मालकाने नुसतं मार्जिन काढा म्हटलं असेल आणि दोनाचा आकडा आबांनी स्वतःच काढला असेल, असं फार वेळा होतं, वरचा मोघम बोलतो आणि खालचा त्याला खूश करायला स्वतःहून पुढे जातो. आणि त्या खालच्याच्या खालचा, म्हणजे तू, आणखी.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पर्सोनेलला होते तेव्हाची एक मुलगी सांगते. पाइपांच्या क्वालिटीला होती, व्हर्नियर घेऊन पाइपची जाडी मोजायची आणि रजिस्टरला लिहायची. सुपरवायझर म्हणायचा थोडं कमी आलं तरी ओके लिही, ऑर्डर निघायचीय. ती वाद घालायची नाही, युनियनकडे गेली नाही, माझ्याकडेही आली नाही. तिने काय केलं, जाडी जी आली तीच लिहिली, आणि शेवटचा रिमार्कचा रकाना असतो ना जो कोणी कधीच भरत नाही, त्यात बारीक अक्षरात लिहिलं, अमुक साहेबांच्या सांगण्यावरून पास. नाव आणि वेळ. पाच-सहा ओळी तशा झाल्या असतील, सुपरवायझरने रजिस्टर बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून कमी जाडीचा माल बाजूला काढायला लागला, कोणी काही बोललं नाही. मला ते रजिस्टर ऑडिटच्या वेळी दिसलं म्हणून कळलं. तिने साहेबांना चोर म्हटलं नाही, नुसतं ज्याचं काम त्याच्या नावावर टाकलं.

तुझ्या इथेही मला तेच करावंसं वाटतं. तू दोन गोष्टी एक करून बसलायस, मॉइश्चर आणि भाव. मॉइश्चर मीटर सांगतो, भाव आबा ठरवतात. खाजगी व्यापार आहे, आबांना शंभर-दीडशे कमी द्यायचे असतील तर त्यांनी सौद्याच्या वेळी समोर सांगावं, पटलं तर शेतकरी देईल नाहीतर पुढच्या जीनला गाडी वळवेल, त्यात फसवणूक काहीच नाही, बाजार आहे तो. खोटं आहे ते आकड्यात लपवलेलं. म्हणून आबांशी बोलायचं ते एवढंच बोल, की आबा, मीटरवर येईल तेच मी लिहीन, भाव तुम्ही जो काढाल तो काढा, मी मध्ये बोलणार नाही. बस. ह्याच्यापुढे शेतकऱ्याचा शाप, पाप-पुण्य, आजोबा, काही काढू नको. नीतीचं लेक्चर नात्यातल्या मोठ्या माणसाला दिलं की तो ऐकायचं सोडून अपमान मोजायला लागतो.

कधी बोलायचं तर शेवटची गाडी रिकामी झाल्यावर, हमाल-मापाडी गेल्यावर. चारचौघांत नाही, फोनवर नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. आबा पहिल्यांदा हसतील. मग म्हणतील तू नवीन आहेस. मग, हे येणारच आहे म्हणून तयार राहा, म्हणतील की तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू असं. तेव्हा तुझी जीभ अडकेल. तिथे गप्प बसलास तर संपलं. तेव्हाच म्हणायचं की आबा, ते पैसे मी विसरलो नाही, पगारातून महिन्याला पाच हजार कापा, सोळा महिन्यांत होतील, मी उद्याच कागदावर लिहून देतो. ते नको म्हणतील, म्हणू देत, तू दर महिन्याला पाच हजार त्यांच्या खात्यावर टाक, रोख नाही, खात्यावर. तुझ्या पगाराला ते जड जाणार आहे, मला कल्पना आहे, तीन टाक पण टाक. जोपर्यंत ते ८० हजार नुसते उपकार म्हणून हवेत लटकलेत तोपर्यंत त्यांना शेवट नाही, कितीही केलं तरी कमीच. उधारी म्हणून वहीत लिहिले की त्यांना तारीख येते. माया राहू दे ना, मायेला कोण नाही म्हणतंय, वडिलांच्या तोंडून आबांचं नाव निघालं की हात जोडले जाणारच.

तुझ्या आजोबांचं लिहिलंस म्हणून सांगते. सालदारकी ही काही गोड गोष्ट नव्हती, वर्षभर राबराब राबायचं, उचल घेतलेली असायची, मालकाची बोलणी खायची. पण आपल्या खानदेशात त्या सालाला आखाजी होती. अक्षय्य तृतीयेला साल संपायचं, हिशेब व्हायचा, उचल किती, फिटली किती, आणि मग पुढचं साल ह्याच मालकाकडे धरायचं की दुसऱ्याकडे ते सालदार बघायचा, निदान रीत तरी तशी होती. उचल फिटलेली नसली की तो अडकायचा, तीच तर त्यातली मेख होती. तू बीकॉम, महिन्याचा पगार, तुझ्यावर सालदारकी नाही, पण उचल मात्र आहे आणि तिला आखाजी नाही. ती तू ठरव. येत्या आखाजीला सीझनही आटोपलेला असेल, तेव्हा बसून बघ की आकडा खरा लिहायला मिळतोय का, उधारी कमी होतेय का, आणि पुढचं साल इथेच धरायचं का.

बायको म्हणते तसं उद्याच सोडू नको. तिचं मन बरोबर आहे, घाई चूक आहे. सीझनच्या मध्ये तडकाफडकी सोडलंस तर आबांना ते अपमान वाटेल, नात्यात बोंब होईल, आणि तुझ्या जागी जो येईल तो आनंदाने तीन मिळवेल. आधी बोलून बघ. आबांनी ऐकलं नाही तर दुसरं माग, की मला अकाउंटला टाका, किंवा सरकी विक्रीच्या हिशेबाला, काट्यावर टाका. तिथे एक सांगून ठेवते, ह्याने तुझा हात सुटेल, शेतकऱ्याची कटती सुटणार नाही, हे डोळ्यांसमोर ठेवून माग, मी वाचलो म्हणून टाळी वाजवू नको. आणि तेही नाही म्हणाले तर मग दुसरीकडे बघायला लाग, शांतपणे, नोकरीवर असतानाच. कापूस ओळखणारा, धाग्याची लांबी हातावर सांगणारा, वर टॅली येणारा माणूस आपल्या जिल्ह्यात रिकामा बसत नाही, जीन आहेत, डाळ मिल आहेत, एमआयडीसी आहे.

आणि एक कोरडं सत्य, पावतीवर सही कोणाची आहे? तुझी. बाजार समितीच्या १९६३ च्या कायद्यात शेतकऱ्याच्या मालावर मनाला येईल तशी कटती लावता येत नाही. उद्या कोणी हुशार शेतकरी सकाळी दुसरीकडे मॉइश्चर बघून आला, दोन्ही पावत्या घेऊन बाजार समितीत गेला, तर तिथे आबांचं नाव कुठेच नसेल. मी फक्त लिहिणारा हे वाक्य तेव्हा तुझ्याच अंगावर येईल. भीती घालत नाहीये, पण आबांशी बोलताना हेही बोलायला हरकत नाही, कधीकधी मोठ्या माणसांना नीतीपेक्षा हे लवकर समजतं.

तोपर्यंत, म्हणजे आबांशी बोलणं होईपर्यंतसुद्धा, मीटर शेतकऱ्याकडे वळवून धरायला लाग. त्याला आकडा दिसू दे. त्याच्या डोळ्यांसमोर नऊ दिसत असताना तुझ्या हाताने अकरा लिहून बघ जमतंय का. मला वाटतं नाही जमणार, आणि मग आबांशी बोलायचा मुहूर्त आपोआप लागेल.

गावच्या लोकांना खरा आकडा लिहितोस ते चालू ठेवायचं का? हो, ते कशाला बिघडवतोस. पण ते पुण्य म्हणून धरू नको.

पोरीचं. ह्यावर मी लांबण लावत नाही. तिच्यापाशी बसून सांग की बाबांचं चुकलं, तिला लहान आहे म्हणून कळणार नाही असं समजू नको. कामावर जे गिळतोस ते घरी येऊन तिच्यावर निघतंय, आणि हे जर थांबलं नाही तर आखाजीबिखाजी काही बघत बसू नको, बायकोचं ऐक.

वडिलांना सांगायचं, पण आधी नाही. तू आधी सांगितलंस तर ते दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आबांच्या दारात जाऊन उभे राहतील, एक तर पाया पडायला नाहीतर भांडायला, आणि दोन्हीत तुझं बोलणं राहून जाईल, वर त्यांच्या हृदयाला ते झेपायचं नाही. तू आबांशी बोल, पहिले पाच हजार खात्यावर टाक, आणि मग घरी जाऊन सांग. तेव्हा ते विचारतील की आतापर्यंत किती जणांचं लिहिलंस असं. खरा आकडा सांग.